स्की तिकिटं आणि पास: खिडकीवर खिसा रिकामा न करता पोराबाळांसकट डोंगर कसा परवडवायचा?

भुरभुर (धागाकर्ती)

मंडळी, आधी शोधलं, जुना धागा सापडला पण तो इतका जुना आहे की त्यातले निम्मे पास आता मिळतच नाहीत, म्हणून नवा काढतेय.

आम्ही डेन्व्हरला येऊन दोन वर्षं झाली. मी, नवरा, मोठी यंदा चौथीत गेली आणि धाकटा पहिलीत. गेल्या फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेच्या लाँग वीकेंडला अंगात आलं की एवढं कोलोराडोत राहतोय आणि पोरांनी बर्फावर पाय ठेवला नाही म्हणजे काय. पहाटे साडेपाचला निघालो, आय-७० हायवेवर गाड्यांच्या लाल दिव्यांची माळ बघत पोचलो एका मोठ्या रिसॉर्टवर (नाव नको). तिकीट आधी काढायचं असतं हे कोणाच्या डोक्यातच नाही, आपण काय, खिडकीवर जाऊ आणि काढू. खिडकीपाशी पोचलो तर धाकट्याचा एक मिटन गाडीत राहिलेला म्हणून त्याचं भोकाड, मागे रांग, आणि आतल्या मुलीने गोड हसून चौघांचा आकडा सांगितला. मला वाटलं स्की-बूटांचं भाडं धरूनच सांगतेय. नव्हतं धरलं!! परत फिरायची सोय नव्हती, दिलं कार्ड.

आणि खरी गंमत पुढेच. धाकटा दिवसभर मॅजिक कार्पेटवर, म्हणजे तो सरकता पट्टा असतो ना, त्यावर उभं राहून वर, घसरत खाली, परत वर. अख्ख्या डोंगराचं तिकीट जॅकेटच्या खिशात आणि स्वारी पायथ्याच्या त्या चिमुकल्या उतारावर खूश. मी स्वतः दोनदा चेअरलिफ्टमधे बसले, त्यातल्या एकदा उतरताना पडले.

तर यंदा शहाणं व्हायचंय. पण एपिक, आयकॉन, इंडी, डे पास, लोकल, बेस, हे वाचून डोकं गरगरलं. नवरा म्हणतो बर्फ तर पडू दे मग बघू. आम्ही फार तर पाच-सहा दिवस जाऊ. काय घेऊ? पास घ्यावा का सुटी तिकिटंच बरी?

लिफ्टवरचा_काका

नवऱ्याला आधी सांगा की बर्फ पडायची वाट बघणाऱ्यांच्या जिवावरच हा धंदा चाललाय.

हे लक्षात आलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं म्हणून थोडा इतिहास सांगतो. २००८ पर्यंत सीझन पास म्हणजे महागडी चैन, नाहीतर तिथेच राहणाऱ्या लोकांसाठी. त्या वर्षी व्हेल रिसॉर्ट्स ह्या मोठ्या स्की कंपनीने एपिक पास आणला, ५७९ डॉलरला, आणि त्यात त्यांचे सगळे डोंगर. लोकांना वाटलं वेड लागलं यांना. वेडबिड काही नाही, स्कीच्या धंद्यात सगळ्यात मोठी भीती असते की यंदा बर्फच पडला नाही तर? मग पैसे बर्फाच्या आधीच घेऊन ठेवायचे. बाजारात तुरी असतानाच विकून मोकळं व्हायचं, पुढे पीक येवो न येवो. त्या बदल्यात आपल्याला भाव कमी. २०१८ मधे अल्टेरा कंपनीने आयकॉन पास काढला तोही ह्याच तत्त्वावर.

आता खिडकीवरचा भाव इतका का वाढतो ते पण ह्यातच आलं. तो भाव तिकीट विकण्यापेक्षा तुम्हाला घाबरवून पासकडे ढकलायला जास्त असतो. २०२४-२५ चे आकडे मला पाठ आहेत. त्यांच्या व्हेल नावाच्याच डोंगरावर गर्दीच्या दिवशी खिडकीवर ३२९ डॉलर एका दिवसाचे. त्याच सीझनचा पूर्ण एपिक पास सुरुवातीच्या भावात ९८२ डॉलर. ३२९ गुणिले तीन करा, ९८७ येतात. म्हणजे तीन दिवस खिडकीवर तिकीट काढणारा माणूस अख्ख्या सीझनच्या पासपेक्षा पाच डॉलर जास्त देऊन आला! (पुढे पास पण वाढला, २०२५-२६ ला १०५१ झाला, पण खिडकीही मागे राहिली नाही.)

आता वेळापत्रक. पुढच्या सीझनचे पास मार्चमधे विक्रीला येतात, म्हणजे अजून ह्या सीझनचा बर्फ वितळलेला नसतो तेव्हाच. सगळ्यात कमी भाव मेमोरियल डेच्या (मे अखेर) सुमारापर्यंत, मग एक पायरी वर, लेबर डेला (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आणखी एक, पुढे पण वाढतच जातो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला विक्रीच बंद. जानेवारीत तुम्ही नोटांची बॅग घेऊन गेलात तरी पास मिळत नाही, मिळतं ते खिडकीचं तिकीट. धागा ऑगस्टअखेरीस काढलात म्हणजे लेबर डेची पायरी अजून तुमच्या हातात आहे. एकदम पैसे द्यायचे नसतील तर एपिकला ४९ डॉलर भरून भाव अडकवून ठेवायची सोय बऱ्याच वेळा असते, बाकीचे नंतर कापतात.

पाच-सहा दिवसांसाठी पूर्ण पासची गरज नाही. एपिक डे पास म्हणून प्रकार आहे, नावावरून वाटतं एका दिवसाचा, पण १ ते ७ पैकी जितके दिवस हवे तितके आधीच घ्यायचे आणि सीझनभर कधीही वापरायचे. सुट्ट्यांचे दिवस वगळून घेतला तर आणखी स्वस्त. डोंगरांच्या पण पायऱ्या आहेत, व्हेलसारखे महागडे डोंगर वरच्या पायरीत येतात, ते सोडले तर भाव बराच उतरतो. नवशिक्याला व्हेल हवंच कशाला म्हणतो मी.

अनवट_उतार

काकांना अनुमोदन. फक्त एक, पोरांचा पास विकत घेऊच नका!!

कोलोराडोत शाळकरी पोरांसाठी दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक दोन्हीत गोंधळ घालतात.

पहिली, एपिक स्कूलकिड्स. केजी ते पाचवी. व्हेल, बीव्हर क्रीक, ब्रेकेनरिज, कीस्टोन, क्रेस्टेड ब्यूट, प्रत्येकी ४ दिवस, म्हणजे वीस दिवस, आणि फुकट. तुमची दोन्ही पोरं बसतात. नोंदणी मात्र ऑक्टोबरच्या आसपास बंद होते, आणि बहुतेक आईबापांना ह्याचा पत्ता लागतो तो थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबर संपताना.

दुसरी, कोलोराडो स्की कंट्रीचा स्की पासपोर्ट, तिसरी ते सहावी, फी शंभराच्या आतच, त्यात व्हेलचे डोंगर नाहीत पण लव्हलँड, कॉपर, विंटर पार्क वगैरे बरेच आहेत आणि तिथेही प्रत्येकी ४ दिवस. मोठी बसते, धाकटा नाही.

आणि इथेच बरेच जण आपटतात, आम्ही पण आपटलो. पहिल्या वर्षी लेकीला पासपोर्ट काढला कारण शाळेत कोणीतरी सांगितलं, आणि आम्ही दोघांनी घेतला एपिक. लेक फुकट जाऊ शकते त्या डोंगरावर आमचा पास चालत नाही आणि आमचा चालतो तिथे तिचा नाही. पूर्ण सीझनभर दर शनिवारी कोणाचं तिकीट काढायचं ह्यावर भांडण. तेव्हा आधी पोरांचं फुकट कुठे होतंय ते बघा आणि मग आईबापांनी त्याच डोंगराचा पास घ्यायचा.

नवखा००७

वाखू (वाचनखूण) साठवली. एक बाळबोध प्रश्न, क्रेगलिस्ट वगैरे वर लोक उरलेले दिवस विकतात ना, तिथून स्वस्तात मिळेल का? मला कालच एक जाहिरात दिसली.

खडूस_हिशोबी

अजिबात नको. पोळलेला माणूस बोलतोय.

दोन सीझनांपूर्वी मी ऑनलाइन एका माणसाकडून दोन दिवसांचं तिकीट घेतलं, म्हणाला गुडघा दुखावलाय वापरता येणार नाही. कार्ड पोस्टाने आलं, बर्फावर पोचलो, गेटमधून पहिल्यांदा हिरवा दिवा लागला, मी मनात म्हटलं बघा बायको उगाच घाबरत होती. तिसऱ्या फेरीला गेटवरच्या पोराने हातातल्या यंत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत यंत्राकडे. त्यात फोटो येतो हो! मूळ मालक सोनेरी दाढीवाला पंचविशीचा आणि इकडे मी, टक्कल, जाड भिंगाचा चष्मा. कार्ड जप्त, वर चार लोकांसमोर लेक्चर. आरएफआयडी, म्हणजे गेट आपोआप वाचतं तसली कार्डं असतात ती, नावाला आणि फोटोला चिकटलेली, बहुतेक पास दुसऱ्याला देता येतच नाहीत.

आता माझं खरं म्हणणं, वरच्या सगळ्यांच्या विरुद्ध आहे. मला पास हाच सापळा वाटतो. मेसचं कार्ड काढल्यासारखं होतं, भूक असो नसो वसूल करायला जेवायचं. मी एका सीझनला लोकल पास (पूर्ण पासचा स्वस्त भाऊ) घेतला आणि डोकं फिरल्यासारखा दर वीकेंडला आय-७० वर. वर्षाअखेरीस हिशोब मांडला (मी सगळं एक्सेलमधे लिहितो, हसू नका) तर तिकिटामागे भाव खूप छान पडलेला, पण पेट्रोल, पार्किंग, डोंगरावरचं बर्गर आणि सूप, स्कीचं भाडं हे सगळं धरलं तर मी पास नसताना खर्च केले असते त्याच्या दुप्पट उडवले होते. प्रति दिवस स्वस्त आणि एकूण महाग. म्हणून आधी दिवस ठरवा. आणि तुम्ही म्हणता सहा, तर मी लिहून देतो चारच होतील, एकदा पोर आजारी, एकदा वादळ.

माझा सध्याचा उपाय: लव्हलँड. आयझेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशीच आहे, म्हणजे बोगद्यापलीकडची रखडपट्टी वाचते, पार्किंग फुकट, कोणा मोठ्या कंपनीचं नाही. सीझनच्या आधी ते फोर-पॅक विकतात, चार दिवसांची तिकिटं, आणि ती कोणीही वापरू शकतं. आज मी, पुढच्या वेळी बायको, एकदा भारतातून आलेला मेव्हणा. सोनेरी दाढीची गरज नाही.

लिफ्टवरचा_काका

हिशोबी शेठ, एकूण खर्चाचा मुद्दा मान्य. पण पेट्रोल आणि सुपाचा दोष पासवर टाकू नका, डबा न्यायला कोणी अडवलं होतं? आमच्याकडे पोळीचे रोल आणि थर्मास, लॉजच्या टेबलावर बसून बिनधास्त खातो, अख्ख्या बाकावर लोणच्याचा वास. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी वेगळी जागाच असते.

खडूस_हिशोबी

मान्य. बायको पण हेच म्हणाली होती, नोंद एक्सेलमधे नाही.

ताहोची_माही

तिकडचं कोलोराडोचं सगळं छानच आहे पण आम्हा कॅलिफोर्नियाकरांसाठी पण थोडं लिहिते. ताहोला एपिकचे हेवनली, नॉर्थस्टार, कर्कवुड आणि आयकॉनचं पॅलिसेड्स, म्हणजे इथेही आधी कुठल्या गोटात जायचं ते ठरवावं लागतं. आयकॉन बेस स्वस्त आहे पण सुट्टीच्या दिवशी चालत नाही, ख्रिसमसचा आठवडा, जानेवारीतला एमएलके (मार्टिन ल्यूथर किंग) डे, प्रेसिडेंट्स डे, आणि आयटीवाल्यांना नेमके तेच दिवस मोकळे असतात. माझ्या नवऱ्याने बेस घेतला आणि मग २७ डिसेंबरला पार्किंगमधे बसून मला विचारतो की ॲपमधे हा दिवस राखाडी का दिसतोय. ब्लॅकआउट तारखा, म्हणजे पास न चालणारे दिवस, आधी कॅलेंडरवर उतरवा, घेतल्यानंतर वाचून उपयोग नाही.

पोरं अगदी छोटी असतील तर, चार-पाच वर्षांपर्यंतची बहुतेक ठिकाणी फुकटच असतात, तरी तिकीट खिडकीवरून घ्यावं लागतं. आणि आईबापांनी आळीपाळीने स्की करायचं असेल, एकजण बाळाजवळ, तर काही छोट्या डोंगरांवर दोघांत एक असं अदलाबदलीचं तिकीट मिळतं. वेबसाइटवर कोपऱ्यात कुठेतरी असतं, सरळ फोन करून विचारायचं.

आणि मित्रांना विचारा!! पासवाल्यांना मित्रांसाठी सवलतीची तिकिटं येतात, आयकॉनवर २५ टक्के सूटवाली, एपिकची नवीन फ्रेंड तिकिटं निम्म्या भावात, आणि बहुतेक लोकांची ती सीझन संपेपर्यंत पडून असतात. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला की तीनजण धावत येतात.

मधलीसुट्टी

+१ ताहोची_माही, ते पडून असतात हे अगदी खरं, माझी गेल्या वर्षीची सगळी वाया गेली, कोणी मागितलीच नाहीत आणि आपण होऊन द्यायचं सुचलं नाही.

पूर्वेकडचं सांगते (आम्ही बॉस्टनजवळ). व्हरमाँटला पाचवीच्या पोरांना पासपोर्ट मिळतो, न्यू हॅम्पशायरला चौथी-पाचवीच्या, न्यूयॉर्कला तिसरी-चौथीच्या. गंमत म्हणजे राज्याबाहेरच्या पोरांना पण बहुतेक चालतो, त्यामुळे इकडे चौथी-पाचवीची दोन वर्षं म्हणजे सुवर्णकाळ, कोणाची सहावी आली की त्या घरी शोककळा असते. कॅनडात पण शाळकरी पोरांना स्नोपास आहे.

मोठ्यांसाठी मी इंडी पास घेते. २०१९ मधे सुरू झाला, सगळे छोटे, स्वतंत्र डोंगर, प्रत्येकावर दोन-दोन दिवस. जे पीक, कॅनन, मॅजिक, बोल्टन व्हॅली. दोनच दिवस म्हणून लोक नाक मुरडतात पण त्यामुळेच आम्ही एका सीझनला सहा नवे डोंगर पाहिले, नाहीतर दर वेळी त्याच लिफ्टमधे बसून तोच उतार. जुन्या दोन माणसांच्या खुर्च्या, हळू चालतात, वर थंडीने दात वाजतात, पण रांग नाही. हे पास मर्यादितच विकतात आणि संपतात, त्यामुळे वसंतातच ईमेलवर लक्ष ठेवावं लागतं.

माउंटन कलेक्टिव्ह पण साधारण तसाच, दोन-दोन दिवस, पुढच्या दिवसाला निम्मा भाव, पण तो ॲस्पेन, जॅक्सन होल, अल्टासारख्या मोठ्या डोंगरांचा. वर्षातून एक लांबची ट्रिप करणाऱ्यांना बरा.

अवांतर: अल्टाला स्नोबोर्ड चालत नाही, फक्त स्की. माझ्या दिराने तिथे पोचून पार्किंगमधे बोर्ड काढला आणि शेजारच्या आजोबांनी अत्यंत प्रेमाने त्याला सांगितलं.

नवखा००७

मी अजून शिकलोच नाहीये. तिकीट + भाडं + क्लास असं सगळं घेतलं तर किडनी विकावी लागेल असं दिसतंय. पहिल्या दिवसासाठी काय करू?

अनवट_उतार

नवख्याने तिकीट वेगळं काढायचंच नाही. बिगिनर पॅकेज असतं, लिफ्ट, स्की-बूट आणि क्लास एकत्र, आणि बऱ्याच ठिकाणी हे सगळं मिळून नुसत्या मोठ्या तिकिटाच्या जवळपास किंवा त्याहून कमीत जातं, कारण त्यांनाही पुढच्या वीस वर्षांचं गिऱ्हाईक हवं असतं. लिफ्ट फक्त पायथ्याची मिळते पण तुला वरची हवी पण नसते. जानेवारी हा शिकण्याचा महिना म्हणून साजरा करतात तेव्हा जास्त ऑफर असतात. लव्हलँडला आणखी एक भारी गोष्ट आहे, तीन क्लासचं पॅकेज, तिन्ही पूर्ण केलेस की उरलेल्या सीझनचा पास त्यातच.

भुरभुर, तुमच्या धाकट्याचं पण तेच. पायथ्याचंच तिकीट मागायचं होतं. बहुतेक ठिकाणी असतं पण खिडकीतली मुलगी आपण होऊन सांगत नाही.

आणि सामान: पोरांचं सीझनभरासाठी भाड्याने घ्या. एकदा सप्टेंबर-ऑक्टोबरमधे दुकानात जाऊन मापं द्यायची, एप्रिलमधे परत करायचं. दर वेळी डोंगरावर भाड्याने घेतलं तर दोन-तीन दिवसांतच तेवढे पैसे जातात, आणि सकाळी बुटांच्या रांगेत तासभर जातो तो वेगळाच, म्हणजे महागड्या तिकिटाचा पहिला तास बुटात पाय कोंबण्यात. मोठीचा पाय वाढतोय म्हणून विकत घेऊ नका. स्की स्वॅप म्हणून जुन्या सामानाचे बाजार भरतात तिथून जॅकेट, गॉगल घ्या, हेल्मेट मात्र नवं घ्या.

मिठाचा_खडा

सॉल्ट लेकवरून हजेरी. ब्रायटनला संध्याकाळचं नाइट स्कीइंग आहे, पोरांची शाळा सुटल्यावर जातो, तिकीट दिवसापेक्षा कमी, प्रकाशझोतात बर्फ निळसर दिसतो आणि गर्दी पण कमी. कोलोराडोत कीस्टोनला पण रात्रीचं आहे. आमच्याकडे काही सीझन पासवर यूटीएची (इथली सार्वजनिक बससेवा) स्की बस फुकट, कॅन्यनमधे पार्किंग शोधायचा ताप वाचतो. कोलोराडोवाल्यांना स्नोस्टँग बस आहे ना? तिच्यात झोपून जा, हिशोबी शेठचं पेट्रोल पण वाचेल.

आणि मंगळवार-बुधवार. एक रजा टाका. सुटं तिकीट ऑनलाइन आधी घेतलं आणि मधल्या वारी घेतलं तर विमानाच्या तिकिटासारखा फरक पडतो. पूर्वी लिफ्टोपियावर सगळ्यांचे भाव एका जागी दिसायचे, ती आता नाही, थेट रिसॉर्टच्या साइटवरच बघावं लागतं.

खडूस_हिशोबी

स्नोस्टँगने मी गेलोय. येताना पूर्ण बस घोरत होती आणि ड्रायव्हर बिचारा एकटा ट्रॅफिकशी लढत होता. उत्तम.

दुर्बीण

पास आधी घ्या म्हणणाऱ्यांनी एक विचार केलाय का, घेतला आणि डिसेंबरमधे पाय मोडला तर? नोकरी गेली तर? मार्च २०२० आठवतंय ना, १४ तारखेला संध्याकाळी घोषणा आणि १५ पासून व्हेल आणि अल्टेराचे सगळे डोंगर बंद. आम्ही स्प्रिंग ब्रेकच्या बॅगा भरून बसलेलो.

लिफ्टवरचा_काका

रास्त प्रश्न. त्यानंतरच एपिकने एपिक कव्हरेज सुरू केलं, दुखापत, नोकरी जाणे वगैरे कारणं असतील तर न वापरलेल्या दिवसांच्या हिशोबाने पैसे परत, वेगळे पैसे न घेता. आयकॉनचे नियम वेगळे आहेत आणि मधे मधे बदलतात, घ्यायच्या आधी त्या वर्षीचे वाचायचे. पण "यंदा बर्फच कमी पडला" हे कारण कुठेच चालत नाही, तो धोका आपलाच. म्हणून तर स्वस्त आहे.

साठीच्या पुढच्यांसाठी एक. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ ७४ वर्षांचे आहेत, अजून काळ्या, म्हणजे अवघड उतारांवरून येतात. बऱ्याच छोट्या डोंगरांवर सत्तरी किंवा पंचाहत्तरी ओलांडली की पास फुकट किंवा नावाला पैसे. लाजून वय लपवू नये.

आणि स्की कूपरचा पास बघा कोणीतरी, लेडव्हिलजवळ. छोटा डोंगर, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या टेन्थ माउंटन डिव्हिजनचे सैनिक जवळच्या कॅम्प हेलमधे होते, ते इथे स्की शिकायचे. त्यांच्या पासबरोबर इतर बऱ्याच छोट्या डोंगरांवर काही मोफत दिवस मिळतात. अशी देवाणघेवाण खूप स्वतंत्र डोंगर आपसात करतात, मोंटाना-आयडाहो फिरणाऱ्याला सोनं आहे. यादी दर वर्षी बदलते तेवढं बघून घ्या.

भुरभुर (धागाकर्ती)

बाप रे, ऑफिसमधे बसून सगळं वाचलं, एक मीटिंग कॅमेरा बंद ठेवून केली.

काल रात्री पोरं झोपल्यावर नवऱ्याला हा धागा वाचून दाखवला. ३२९ गुणिले तीनला तो उठून बसला. मग आमचा हिशोब असा झाला. पोरं दोन्ही स्कूलकिड्सवर, म्हणजे शून्य. म्हणून आम्ही पण त्याच डोंगरांच्या बाजूला. खडूस_हिशोबींचं ऐकून सहाचे चार दिवस केले (तो आधी म्हणत होता सातचाच घेऊ, जास्त दिवसांना दर कमी पडतो, मी म्हटलं तुझं मेसचं कार्ड नको). दोघांना चार-चार दिवसांचा एपिक डे पास, व्हेलशिवायचा, सुट्ट्या वगळून. प्रेसिडेंट्स डेला घरी बसून सिनेमा बघणार. मोठीचा स्की पासपोर्ट पण काढावा का ह्यावर अजून एकमत नाही, मला वाटतं काढावा, एखाद्या वेळी फोर-पॅकवाल्यांबरोबर ती लव्हलँडला जाईल. कुठल्या फोर-पॅकवाल्यांबरोबर हे तुम्ही ओळखलं असेलच.

लेबर डेच्या आत घेतला, शनिवारी रात्री साडेअकराला, आणि शेवटच्या पानावर नवरा विचारतो, "पण बर्फ पडेल ना गं?"

एकच राहिलं, पोरांच्या नोंदणीला शाळेचं पत्र लागतं का?

खडूस_हिशोबी

ओळखलं. आणायला हरकत नाही, डबा तिच्या आईने द्यायचा.

अनवट_उतार

स्की पासपोर्टला यत्तेचा पुरावा आणि फोटो मागतात. आम्ही रिपोर्ट कार्ड दिलं, त्यावर चालू यत्ता दिसली पाहिजे. स्कूलकिड्सचं त्या वर्षीच्या पानावर बघून घ्या. आणि फोटो साधा काढा हो, आमच्या लेकीने हेल्मेट-गॉगल घातलेला तिचा सगळ्यात आवडता फोटो हट्टाने पाठवायला लावला होता. दोन दिवसांत परत आला.